दोन द्या, एक माझ्या मुलीला

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत शोधलं तरी अनुपमा घाडीगावकरइतकी खरेदी केलेली बाई सापडायची नाही, आणि तिच्या घरात एकही नवी वस्तू नाही. मी तिच्या समोरच्याच दारात राहते. आमची दारं दिवसभर उघडी असतात, साखर-विरजण इकडचं तिकडे चालू असतं, तरी इतकी वर्षं मला याचा पत्ता नव्हता. मी स्वतःला फार हुशार समजते, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

अनुपमाचा चेहरा असा की बघणाऱ्याला आपली एखादी मावशी आठवावी. कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी. ही बाई उगाच पैसा उडवणार नाही आणि हिला कुणी फसवणार नाही, असं बघताक्षणी वाटतं. तिच्या सासऱ्यांची गिरणी गेली, मग नवऱ्याची भांडुपची कंपनी बंद पडली. शिवदासभावोजी नंतर कुठेकुठे वॉचमनकी करत राहिले, पण घर ओढलं ते अनुपमाच्या या चेहऱ्यानं.

झालं होतं असं. घाटकोपरला एका हॉलमध्ये घरगुती वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. एका टेबलामागे हर्षद नावाचा माणूस नारळ खोवायचं यंत्र फिरवून दाखवत होता आणि बायका नुसत्या बघत होत्या. अनुपमानं यंत्र उचललं, उलटं केलं, दात्यांवरून बोट फिरवलं, "मागच्या वर्षी असंच एक घेऊन फसले" असं म्हणून खाली ठेवलं. दोन पावलं गेली, परत आली, भाव पाडून घेतला आणि म्हणाली, "दोन द्या. एक माझ्या मुलीला." तिला खरंच दोन हवी होती. पण तिनं पिशवीत टाकेपर्यंत मागे रांग लागली. हर्षद बिनडोक नव्हता. गर्दी पांगल्यावर तिला गाठून म्हणाला, "मावशी, उद्या पण या ना. घ्यायचं काही नाही, आज केलंत तेवढंच करायचं."

तेच तिचं काम झालं. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, जिथे प्रदर्शन तिथे अनुपमा. आम्हाला सांगितलेलं होतं की ती एका ओळखीच्याच्या स्टॉलवर बसते. ती गर्दीत उभी राहायची, नाक मुरडायची, निघून जायची, परत यायची, दोन घ्यायची. मग हॉलच्या मागच्या दारानं जाऊन दोन्ही खोकी परत खोक्यांच्या थप्पीवर ठेवायची. जरा वेळानं साडीवर स्वेटर चढवून दुसऱ्या घोळक्यासाठी पुन्हा उभी. मला नंतर म्हणाली, "मी कधी कुठली वस्तू चांगली आहे असं म्हटलं नाही गं. मी फक्त घेतली. चांगली आहे असं त्यांनी ठरवलं."

हे तिचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. बाकी तिला माणसं कळली होती हे खरं. ती सांगायची, हर्षद दिवसभर घसा फोडतो त्यानं काही विकलं जात नाही. बायका त्याच्याकडे बघतच नाहीत, एकमेकींच्या हाताकडे बघतात. शेजारचीनं पर्स उघडली की आपली उघडते. आणि 'एक माझ्या मुलीला' म्हटलं की मग तर संपलंच, कारण मुलीसाठी कुणी वाईट वस्तू घेत नाही.

तिनं स्वतःला दोन नियम घालून घेतले होते. मुलुंडला, म्हणजे आपल्या राहत्या भागात, काम करायचं नाही, आणि हर्षदच्या व्हिडिओत दिसायचं नाही. हर्षद हल्ली स्टँडवर मोबाईल लावून सगळं लाईव्ह दाखवायचा. तो मोबाईल कुठे आहे ते बघून ही उभी राहायची. कारण लेकीचं, श्रुतिकाचं लग्न ठरलं होतं आणि मग झालंही. नाहूरचे परब, मुलगा सुबोध. सासूबाई कालिंदीताई म्हणजे करारी बाई, पण मनानं मोकळ्या. आमच्या अनुपमाबद्दल त्यांचं एवढं चांगलं मत की भाजी घेतली तरी फोन करून भाव विचारायच्या. "विहीणबाईंची नजर म्हणजे नजर," असं त्या चारचौघांत सांगायच्या, आणि अनुपमा खाली मान घालून चहा ढवळत बसायची.

गेल्या डिसेंबरात हर्षदनं नवा माल आणला, नळाला लावायचा गीझर. नळाच्या जागी हा बसवायचा, वायर प्लगमध्ये घालायची, की पाच सेकंदांत गरम पाणी. थंडीचे दिवस, आणि भांडी घासणाऱ्या बाईला गरम पाण्यापेक्षा मोठं सुख नाही. माल हातोहात जात होता.

बोरिवलीच्या हॉलमध्ये अनुपमानं नेहमीप्रमाणे नळाच्या तोंडाखाली हात धरला आणि धातूला बोट लागताच कोपरापर्यंत मुंग्या गेल्या. तिनं हात झटकला. हर्षद हसून म्हणाला, "काय नाय मावशी, थंडीत होतं तसं." पण दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा टेबलामागे हर्षद उभा राहायचा तिथे एक लाकडी फळी आली होती. पायात जाड रबरी चप्पल. नळ दाखवताना तो फळीवरून एक पाऊलही खाली ठेवत नव्हता.

"फळी कशाला रे?" तिनं विचारलं.

"फरशी गार लागते मावशी."

तिनं पुढे विचारलं नाही. माझा राग आहे तो इथे. ती पुढचा आठवडाभर दोन-दोन गीझर घेत राहिली. मी तिला हे तोंडावर बोलले तर म्हणाली, "तो म्हणायचा, अर्थिंग चांगलं असेल तर काही होत नाही. मला तेवढं पुरलं. पुरवून घेतलं मी."

मग अंधेरीचा हॉल ऐनवेळी हातचा गेला आणि हर्षदनं मुलुंड पश्चिमेचा घेतला. अनुपमानं नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, सकाळचे दोनच घोळके करा, मग सुट्टी. माल पडून राहिला तर माझी वाट लागेल." त्या महिन्यात शिवदासभावोजींचं गुडघ्याचं दुखणं निघालं होतं. ती गेली. जाताना मला म्हणाली, "दार बघ गं," आणि मी नेहमीसारखं हो म्हटलं.

पहिला घोळका नीट पार पडला असता. अनुपमानं नळ बघितला, नाक मुरडलं, "लाईट बिल किती येईल?" असं विचारून निघाली, चार पावलांवरून परत फिरली. मोबाईलकडे पाठ करून म्हणाली, "बरं, दोन द्या. एक माझ्या मुलीला."

"अहो विहीणबाई, मुलीसाठी तुम्ही कशाला घेताय?"

आवाज मागून आला. कालिंदीताई भजनाच्या चार मैत्रिणींना घेऊन प्रदर्शनाला आल्या होत्या आणि सगळं बघत मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, अनुपमाच्या हातातलं एक खोकं काढून टेबलावर ठेवलं आणि हर्षदला म्हणाल्या, "यांचं एकच द्या. श्रुतिकाच्या घरचा मी घेते. मुलीकडच्यांनी किती करायचं?"

अनुपमानं ते खोकं परत ओढायला हात पुढे केला. ती म्हणाली, "अहो राहू दे, घाई काय आहे. मी आधी वापरून बघते, मग घ्या."

"तुम्ही घेतलात ना, मग बघायचं काय राहिलं?" कालिंदीताईंनी पैसे दिलेसुद्धा. "पोर सकाळी गार पाण्यात भांडी घासते, मला बघवत नाही. सुबोधला आज सुट्टी आहे, दुपारीच बसवून घेते. त्याला येतं असलं सगळं."

मैत्रिणींनी पर्सा उघडल्या. त्यांच्या मागच्या बायकांनी त्यांना बघितलं. हर्षद खोक्यांवर खोकी काढत होता आणि अनुपमाकडे बघून हळूच हसत होता, आज मावशींनी कमालच केली म्हणून.

अनुपमा हॉलबाहेर आली आणि तिनं श्रुतिकाला फोन लावला. फोन लागेपर्यंत काय काय आठवावं? श्रुतिका गेल्याच आठवड्यात हसत सांगत होती की त्यांच्या फ्रिजला ओल्या हातानं शिवलं की झिणझिण्या येतात, बिल्डिंग जुनी, अर्थिंगचा पत्ता नाही. नाहूरचं ते स्वयंपाकघर अनुपमाच्या डोळ्यांपुढे आलं. मोरीच्या कट्ट्यापाशी कायम ओली असणारी फरशी, आणि तिथे अनवाणी उभी असलेली तिची पोर.

"ऐक, सासूबाई एक गीझर आणतायत. तो बसवू नका."

"आई, तूच पसंत केलास ना? मम्मींनी ग्रुपवर फोटो टाकलाय, 'विहीणबाईंची निवड' म्हणून. पनवेलच्या नणंदबाईंनी पण मागवलाय. मामेसासूबाई दोन सांगतायत. काय झालं?"

"काही नाही. तू सध्या बसवायचा नाही म्हणून सांग."

"मी कसं सांगू आई? त्या माझ्यासाठी आणतायत. मी नको म्हटलं तर वाईट दिसेल. काय झालंय ते तरी सांग."

अनुपमानं फोन ठेवला. काय सांगणार होती? ठाऊक आहे म्हटलं तर कसं ठाऊक, हा पुढचा प्रश्न होता. आणि एका श्रुतिकाला थांबवून भागणारही नव्हतं. आत आता पनवेलची खोकी बांधली जात होती. भजनातल्या चौघी, त्यांच्या मागच्या आठ-दहा, आणि आठवडाभरात बोरिवलीत तिच्या मागे रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी. त्या प्रत्येकीनं एक तरी कुणाच्या मुलीसाठी घेतला असणार. मला हे सांगताना ती लाडू वळत होती, आणि इथे तिचे हात थांबले. म्हणाली, "मला पळून जावंसं वाटलं गं. रिक्षा समोर उभी होती."

ती परत आत गेली. दुसरा घोळका जमला होता. आता पुढे कालिंदीताई होत्या आणि आल्या-गेलेलीला सांगत होत्या, आमच्या विहीणबाईंनी घेतलाय. अनुपमानं गर्दीतून वाट काढली आणि थेट टेबलापाशी गेली. मोबाईल समोरच होता. तिनं पाठ केली नाही.

"मावशी, तुमचं झालं ना घेऊन?" हर्षद हसत म्हणाला. "आता बाकीच्यांना बघू द्या."

"हर्षद, फळीवरून खाली उतर."

तो हसायचा थांबला. "काय?"

"खाली उतर. चप्पल काढ. आणि नळ चालू असताना ओल्या हातानं धर."

सगळ्या बायकांच्या नजरा टेबलावरून खाली गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांना ती फळी दिसली. नळातून वाफाळतं पाणी टबमध्ये पडत होतं.

"ताई, अर्थिंगचा विषय असतो," हर्षद गर्दीकडे बघून म्हणाला. "घरी अर्थिंग बरोबर असेल तर हंड्रेड पर्सेंट सेफ आहे."

"मग इथे धर की," मागून कुणीतरी म्हणालं. "हॉलला नसेल काय अर्थिंग?"

हर्षदनं हात पुढे केला नाही. तो टेबलावरून वाकला आणि हलक्या आवाजात, पण पुढच्या दोघी-तिघींना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, गप निघा. नायतर मी पण बोलेन. बोलू का?"

कालिंदीताईंनी ते ऐकलं. "काय बोलणार हा? आणि तुम्हाला हे कसं ठाऊक, विहीणबाई?"

इथे तिला सुटता आलं असतं. शेजारणीला शॉक बसला, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. ती शेजारीण म्हणजे मीच, आणि मी तिच्यासाठी खुशाल बसवून घेतला असता. पण हर्षद तोंड उघडून उभा होता, आणि त्याच्या आधी बोलायचं तर खोटं बोलून भागणार नव्हतं.

"मी रोज इथे पहिली घेते," अनुपमा म्हणाली. "ते माझं काम आहे. मला त्याचे पैसे मिळतात. घेतलेली खोकी मी मागच्या दारानं परत ठेवते. तुम्ही माझ्याकडे बघून घेता, म्हणून मला ठेवलंय. या नळाचा झटका मला बोरिवलीला बसला होता. तरी मी आठवडाभर घेत राहिले. आज माझ्या मुलीच्या घरी जायला लागला म्हणून बोलतेय, हेही खरं आहे."

कालिंदीताईंच्या एका मैत्रिणीनं खोकं टेबलावर ठेवलं आणि पैसे परत मागितले. तिच्यामागे दुसरीनं. घेताना लागली होती तशीच रांग आता उलटी लागली. हर्षदनं प्लग काढला आणि मोबाईल बंद केला, पण तोवर जे जायचं ते जगभर गेलं होतं.

कालिंदीताई शेवटी उरल्या. खोकं त्यांनी छातीशी धरलं होतं. त्या चिडल्या नव्हत्या, त्या काहीतरी मागचं आठवत होत्या.

"साखरपुड्याला तुम्ही आमच्याकडे आलात. घर बघितलंत. सोलकढी प्यायलात आणि म्हणालात, अशी मी कुठे प्यायले नाही. ते?"

"ते खरं होतं," अनुपमा म्हणाली.

"मी कसं ओळखायचं?"

कालिंदीताईंनी खोकं टेबलावर ठेवलं आणि पैसेही न घेता त्या निघून गेल्या.

त्या संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर ती क्लिप आली. मी ती दोनदा बघितली, मग उठून माळ्यावर चढले आणि भाजी चिरायचं ते यंत्र खाली काढलं, जे मी घाटकोपरला एका गर्दीत घेतलं होतं आणि ज्यानं आजवर सरळ काकडीसुद्धा चिरली नाही. अनुपमाच्या दारात जाऊन विचारलं, "हे घेतलं तेव्हा तू होतीस का पुढे?" तिनं यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "असेन." मी इतकी संतापले होते की चार दिवस दार लावून बसले. पाचव्या दिवशी विरजण संपलं.

पुढचा महिना तिनं कसा काढला ते मी समोरूनच बघितलं. श्रुतिका फोन करायची, पण हळू आवाजात, स्वयंपाकघराचं दार लोटून. सासरी कुणी तिला टाकून बोललं नाही, फक्त आईचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं. अनुपमानं दोन घरी पोळ्यांचं काम धरलं. बाजारात ती कांदे निवडायला वाकली की शेजारची बाई हातातले कांदे ठेवून तिच्याकडे बघत राहायची, ही खरंच घेतेय की काय म्हणून. एकदा भाजीवालाच म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा ना." तेव्हा ती घरी येऊन रडली. हर्षदला मात्र दुसरी कुणीतरी मावशी मिळाली असं ऐकलं. मिळणारच, मावश्यांना काय तोटा आहे.

संक्रांतीनंतर श्रुतिकाचा फोन आला. तिचं पहिलं हळदीकुंकू सासूबाई नाहूरला करत होत्या, आणि आईला बोलाव असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. अनुपमा मला म्हणाली, "तू चल सोबत. मला एकटीला त्या जिन्यावर पाय टाकवणार नाही." मी गेले. पोरगी काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालून दारात उभी होती, आणि आईला बघून तिचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

घर बायकांनी भरलेलं होतं. भजनातल्या त्या चौघीही होत्या. आम्ही आत शिरलो तशी बोलणी खाली आली. कालिंदीताई एकेकीला हळदीकुंकू लावत, तिळगूळ देत, मग वाण हातात ठेवत पुढे सरकत होत्या. वाण म्हणजे तेलाची छोटी स्टीलची बुधली, झाकणाला नीट चोच असलेली. अनुपमापाशी आल्या आणि थांबल्या. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तिळगूळ दिला. मग बुधली पुढे केली. अनुपमाचा हात पुढे होईना. खोलीतल्या सगळ्या बायका त्या हाताकडे बघत होत्या, हॉलमध्ये बघायच्या अगदी तशाच.

तिनं बुधली घेतली.

कालिंदीताई जरा वाकल्या आणि तिच्या एकटीलाच म्हणाल्या, "ही घरी न्यायची बरं का."

मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं. टोमणा होता की माया होती, हे मला अजून कळलेलं नाही. अनुपमानं मान हलवली. परत येताना रिक्षात बुधली तिनं पिशवीत टाकली नाही, मुलुंडपर्यंत हातातच धरली होती. घरी आल्यावर चप्पलही न काढता ती आत गेली, बुधली धुऊन पुसून तिच्यात तेल भरलं आणि शेगडीजवळच्या फळीवर, जिथे एकही नवी वस्तू नव्हती, तिथे ठेवली.